डोक्याकडची बाजू

पूर्वी मला राग आला की माझा हात थरथरायचा. आता उलटं झालंय. हात आधी थरथरतो आणि मग मला राग येतो. त्यामुळे गेलं वर्षभर मी बहुतेक वेळ रागातच असते, आणि ज्यांना कारण माहीत नाही ते म्हणतात, वयामुळे हिचा स्वभाव तिरसट झाला. वयाला उगाच कशाला बोल लावायचा? स्वभाव पहिल्यापासून असाच आहे.

मी आरेखक होते. जमिनींचे नकाशे काढायचे, हाताने. संगणक आले, तरुण पोरं आली, तरी एखादी हद्द फारच वेडीवाकडी असली की साहेब ते काम माझ्याच टेबलावर आणून ठेवायचे, कारण माझी रेघ हलत नसे. मैत्रिणींनी माझं नाव फूटपट्टी ठेवलं ते तेव्हापासून. मी वरवर नाक मुरडायचे, पण ते नाव मला फार आवडायचं.

मैत्रिणी म्हणजे आम्ही चौघी. एक मास्तरीण. निवृत्त होऊन जमाना झाला, पण मागच्या बाकापर्यंत पोचेल असाच आवाज अजून लावते. दुसरी वकीलबाई. ती अजून कोर्टात जाते. गाडी तिची, आणि कुठल्याही वादातला शेवटचा शब्दही तिचाच. तिसरी माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती फ्रॉक घालून अंगणात उड्या मारत होती. सुई धरायला तिला मीच शिकवलं. तिने लग्न केलं नाही, आणि माझा नवरा गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघीच राहतो. ती मला वहिनी म्हणते, मी तिला वाटेल ते म्हणते.

दरवर्षी थंडी पडायच्या आधी आम्ही चौघी शुक्रवारी संध्याकाळी घरं सोडतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत एक अख्खी गोधडी शिवून परततो. वकीलबाईच्या ओळखीतलं गावाबाहेर एक घर आहे. मोठी खोली, मोठ्या खिडक्या, मधोमध लांबरुंद टेबल आणि आजूबाजूला बोलायला कोणी नाही. जुने शर्ट, फाटक्या चादरी, उतरवलेले पडदे घेऊन जायचे. शुक्रवारी सगळं अंथरून, थरावर थर देऊन कच्चे टाके घालायचे. शनिवारी सकाळपासून खरं शिवण. चौघी चार बाजूंना बसतात. काठापासून धावदोऱ्याची ओळ घालत आत सरकायचं, आणि कोपऱ्याला आपली ओळ थांबली की पुढची तिथून उचलते. दुसरीच्या बाजूला हात लावायचा नाही. हा नियम वकीलबाईनेच केला होता, कारण पहिल्या वर्षी मास्तरीण सगळ्यांचे टाके तपासत फिरत होती आणि आमची मारामारी व्हायची तेवढी बाकी राहिली होती.

त्यामुळे आमच्या कुठल्याही गोधडीवरून हात फिरवला की कोणती बाजू कोणाची ते कळतं. मास्तरणीचे टाके बारीक आणि आवळलेले, कापडाला शिक्षा केल्यासारखे. वकीलबाईचे लांब लांब, काम उरकल्याचे. नणंदेचे नीटनेटके, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझा टाका उजवीकडे जरासा कलतो आणि ओळ सुरू करताना मी एकावर एक दोन टाके घेते. माझी लेक लहान होती तेव्हा आमची पहिली गोधडी तिच्या अंगावर असायची. अंधारात ती गोधडी गोल गोल फिरवायची, काठावरून बोट फिरवत माझे दोन टाके शोधायची, आणि ते सापडले की ती बाजू डोक्याकडे घेऊन झोपायची. चुकून मास्तरणीची बाजू डोक्याकडे आली तर रडून घर डोक्यावर घ्यायची.

आता ती लांब राहते. तिथे थंडी फार. "आई, यंदा तुझी पाळी ना? मग ती गोधडी माझी," तिने आधीच बजावून ठेवलं होतं. गोधडी दरवर्षी एकीला मिळते आणि यंदा माझी पाळी होती. म्हणजे पुन्हा मला गोधडी मिळेपर्यंत तिघींच्या पाळ्या होऊन जाणार. तोवर माझ्या हातात सुई टिकेल का, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून यंदाची गोधडी मला हवी होती. शहाण्यासारखी, समजूतदारपणे वगैरे नव्हे. हट्टाने हवी होती.

हाताचं सांगायचं तर गेल्या वर्षी तो पहिल्यांदा नाचला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मी गुपचूप डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, हा कंप आपोआप जाणारा नाही, गोळ्या सुरू करू. मी म्हणाले, विचार करते. तेवढ्यात आमचं गोधडीचं जाणं आलं. त्या वर्षी मास्तरणीची पाळी होती. शिवताना सुई नुसती थरथरत होती. मला टाक्यांकडे बघायची भीती वाटायची, म्हणून मी बघितलंच नाही. बोटाने चाचपत नुसती पुढे जात राहिले. नंतर मास्तरणीच्या घरी गेले, तर दिवाणावर गोधडी अंथरलेली. मी माझी बाजू शोधली. आणि ती सरळ होती. अगदी पूर्वीसारखी सरळ, उजवीकडे कललेली, सुरुवातीला दोन टाके. मी तिथेच दिवाणावर बसले आणि एवढी हसले की मास्तरणीने पाणी आणून दिलं.

तशीच तडक डॉक्टरकडे गेले. म्हटलं, तुमच्या गोळ्या ठेवा तुमच्याकडे. हात दिसायला नाचतो, पण काम चोख करतो. माझे टाके बघा एकदा. तो म्हणाला, "टाके माझा विषय नाही, बाई. हात माझा विषय आहे. वाढलं तर लगेच या." मी कशाला जाते? मी घरी येऊन छान झोपले. त्यानंतर कप अर्धाच भरायला लागले, सही सावकाश करायला लागले, शर्टाचं बटण लागलं नाही तर बटणाला शिव्या द्यायला लागले. पण मनात कुठेतरी ती सरळ बाजू होती. तिच्या जोरावर मी वर्ष काढलं.

यंदाच्या शनिवारी पुन्हा तेच. हात गेल्या वर्षीपेक्षा जास्त नाचत होता. मी खिडकीकडे तोंड करून, मान ताठ ठेवून शिवत होते आणि तोंडाची टकळी चालू ठेवली होती, म्हणजे कोणी माझ्या हाताकडे बघू नये. कोणी बघत नव्हतंच. तिघीही आपापल्या ओळीत अशा मान खाली घालून बसल्या होत्या की जणू उद्या परीक्षा आहे. जेवण झालं आणि नणंद म्हणाली, "वहिनी, जरा पड. दमलेली दिसतेस." गेल्या वर्षीही ती हेच म्हणाली होती. मी पडले, आणि चांगली उन्हं उतरेपर्यंत झोपले. उठून बाहेर आले तर गोधडीवर चादर झाकलेली. "धूळ बसते," मास्तरीण म्हणाली. आजचं पुरे, असं तिघींचं आधीच ठरलं होतं.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी चादर बाजूला केली.

माझी बाजू सरळ होती. एकेक टाका जागच्या जागी. मी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पहिल्या ओळीच्या खालच्या अंगाला मला बारीक बारीक भोकं दिसली, सुई जाऊन आल्यासारखी. कापड जुनं आहे, झिजलंय, असं मी स्वतःला सांगितलं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, आणि मला तेव्हा सरळ टाके हवे होते.

तिथूनच लेकीला फोन लावला. "माझी बाजू बघशील ना, थक्क होशील," मी म्हणाले. "तुझी आई अजून फूटपट्टी आहे. थंडी संपली की तुझ्याकडे येते आणि तुझे सगळे पडदे शिवून देते." ती खूश झाली. मीही खूश झाले. तोवर तिघी उठून चहा घेत बसल्या होत्या. फोन ठेवून मी वळले, तर तिघीही कपात बघत होत्या. कपात एवढं काय होतं देव जाणे. वकीलबाईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं.

मग आम्ही शिवायला बसलो. आज माझा जोर दुप्पट होता. आत दोन ओळी घालून झाल्या आणि मास्तरीण म्हणाली, "दोरा संपला."

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जिने उभा जन्म शाळेत खडूचे तुकडे जपून जपून वापरले, ती बाई गोधडी शिवायला निघताना दोरा कमी घेईल? "तू जा ना," ती म्हणाली, "पाय मोकळे होतील." मी पायात चपला सरकवल्या आणि गेले.

दुकान बंद होतं. रविवारी उघडत नाही, असं दारावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी चडफडत परत फिरले. पुढच्या दाराला वळसा पडतो, म्हणून मागून स्वयंपाकघरातून आत शिरले. तिथे स्टुलावर मास्तरणीची पिशवी होती. तोंड उघडं, आणि आत दोऱ्याची रिळं. नवीकोरी, कागदसुद्धा न काढलेली. मी एक रीळ उचललं. बाई विसरली असेल, वय झालंय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. एवढी मी भाबडी!

तेवढ्यात खोलीतून वकीलबाईचा आवाज आला.

"थोडा उजवीकडे कलू दे. तिचा कलतो."

मी दारात जाऊन उभी राहिले. माझ्या खुर्चीत माझी नणंद बसली होती. मास्तरीण आणि वकीलबाई दोन्ही अंगांनी कापड ताणून धरून उभ्या होत्या. नणंद शिवत होती. ओळीच्या सुरुवातीला तिने एकावर एक दोन टाके घेतले. आणि जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी, उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे पडले होते. सकाळच्या माझ्या दोन ओळी. मी गेल्याबरोबर त्यांनी कात्री लावली असणार.

रीळ माझ्या हातातून पडलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं. तिघींनी एकदम वर बघितलं.

"दुकान बंद आहे," मी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि हात असा नाचत होता की मी तो दाराच्या चौकटीवर दाबून धरला.

"वहिनी, ऐक," नणंद उठायला लागली.

"बस! उठू नकोस. छान बसलीयस माझ्या खुर्चीत. छान शिवतेयस. माझाच हात वाटतो. मीच शिकवलाय ना तुला, मग माझीच सही मारशील नाहीतर काय!"

"आरडाओरडा करू नकोस," मास्तरीण म्हणाली. "तुझ्याचसाठी केलंय. तू घातलेले टाके बघितलेस का एकदा तरी? अशी बाजू पोरीला पाठवणार होतीस?"

"हो! अशीच पाठवणार होते! कोणी विचारलं होतं तुला? दुसरीच्या बाजूला हात लावायचा नाही हा नियम कोणी केला होता गं?" मी वकीलबाईकडे वळले. "तूच ना?"

"नियम मान्य," वकीलबाई म्हणाली. "पण आमचा हेतू वाईट नव्हता."

"ते कोर्टात सांग."

"तुला वाईट वाटू नये म्हणूनच..."

"गेल्या वर्षी?" मी विचारलं. "मास्तरणीच्या गोधडीला?"

मास्तरणीने वकीलबाईकडे बघितलं, वकीलबाईने नणंदेकडे. शेवटी नणंदच बोलली, ती नेहमी बोलते त्या मऊ आवाजात. तो आवाज ती माझ्याशी वर्षभर वापरत होती आणि मला तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

"हो, वहिनी. गेल्या वर्षीही. दुपारी तू झोपली होतीस तेव्हा."

मी भिंतीला टेकले. दिवाणावरची ती बाजू, माझं ते हसणं, मास्तरणीने आणून दिलेलं पाणी. पाणी देताना तिला माहीत होतं! मी खुळ्यासारखी नणंदेच्या टाक्यांना हात लावून हसत होते आणि ती शेजारी पेला घेऊन उभी होती.

"त्या टाक्यांच्या भरवशावर मी गोळ्या घेतल्या नाहीत," मी म्हणाले.

"कसल्या गोळ्या?" मास्तरीण म्हणाली.

"हाताच्या. डॉक्टर म्हणाला होता सुरू करू. मी जाऊन सांगितलं, माझे टाके सरळ आहेत, मला काही झालेलं नाही. अख्खं वर्ष गेलं. अख्खं वर्ष मी हातात हे घेऊन फिरतेय आणि स्वतःला सांगतेय की ठीक आहे, ठीक आहे, बाजू सरळ आहे."

मास्तरीण खुर्चीत बसली. वकीलबाईने हातातलं कापड हळूच सोडलं. मला त्यांची दया आली नाही. खरंच सांगते, काडीची आली नाही.

"वहिनी, तू तरी सांगितलंस का?" नणंद रडायला लागली होती. "एका घरात राहतो आपण. डॉक्टरकडे गेलीस, मला बोलली नाहीस. सकाळी कप वाजला की तू रेडिओ मोठा करतेस. मी काय समजायचं?"

मी आणखी मोठ्याने ओरडले.

"मी नाही सांगितलं! मग तू विचारायचंस! तोंड आहे ना तुला? तिघींना तोंडं आहेत! ही वकीलबाई तर तोंडाचंच खाते! कात्री चालवायला तिघी, कापड ताणायला तिघी, आणि एकीला, एका बयेला म्हणून, विचारता आलं नाही की फूटपट्टी, हात कसा आहे?"

ओरडून माझाच घसा बसला. बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं होतं, बहुतेक माझ्यामुळेच.

मग मी टेबलापाशी गेले. "ऊठ," नणंदेला म्हटलं. ती उठली. मी माझ्या खुर्चीत बसले, कात्री घेतली आणि उसवायला लागले. शनिवारची पहिली ओळ, काठापासून. नणंदेचे टाके सोडवणं सोपं नव्हतं. तिने ते मनापासून घातले होते. कात्रीचं टोक दोऱ्याखाली घालायचं म्हणजे माझ्या हाताला दिव्यच होतं. दोनदा कापडाला कापलं गेलं. मास्तरीण "अगं..." म्हणाली आणि मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

सुईत दोरा ओवायला घेतला, तर सुई इकडे आणि दोरा तिकडे. एकदा झालं, दोनदा झालं. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं, पुन्हा केलं. तिघी बघत होत्या आणि आता कोणी कपात बघत नव्हतं. शेवटी मी सुई नणंदेसमोर धरली.

"ओवून दे. एवढंच. याच्यापुढे माझ्या बाजूला बोट लावलंस तर याद राख."

तिने डोळे पुसले आणि दोरा ओवून दिला.

मी शिवायला लागले, आणि या वेळी बघत शिवलं. टाके कसे पडतात ते मी वर्षात पहिल्यांदा बघितलं. एक लांब, एक तोकडा. एक वर, एक खाली. उजवीकडे कलायचं सोडा, कुठे कलायचं हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. मास्तरणीचं बरोबर होतं, बाजू वाईट दिसत होती. मी ज्या हद्दींचे नकाशे काढले त्यांतली सगळ्यात भांडखोर हद्दही इतकी वेडीवाकडी नव्हती. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण तिघी समोर होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके घेतले. ते दोन एकावर एक पडायचे ते शेजारी शेजारी पडत होते.

तिघी हळूहळू आपापल्या बाजूंना बसल्या. दोरा संपला की मी सुई पुढे करायचे, नणंद ओवून द्यायची. अंधारायला लागलं तेव्हा वकीलबाई म्हणाली, "निघायला हवं. मला सकाळी कोर्ट आहे." निम्म्या ओळी माझ्या झाल्या होत्या. निम्म्या अजून नणंदेच्या होत्या, उसवायच्या राहिलेल्या. त्यांना कात्री लावायला माझ्या हातात बळ उरलं नव्हतं. मी गाठ मारली आणि गोधडीची घडी घातली.

गाडीत वकीलबाई दोनदा म्हणाली, "चुकलं आमचं." दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा पुढे "पण" नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. नणंद बरोबर येते म्हणाली, मी नको म्हणाले, तरी ती आली. त्याने हात बघितला, वर्षभर काय केलंत असं विचारलं, आणि मी म्हणाले, "गोधड्या शिवल्या." गोळ्या सुरू झाल्या. गेलेलं वर्ष परत येत नाही, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या तोंडावर होतं.

गोधडी लेकीकडे पाठवून दिली. चिठ्ठी घातली नाही. पोचली त्या दिवशी तिचा फोन आला. चित्र दिसणारा. मी आणि नणंद जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. लेक पलंगावर होती, गोधडी मांडीवर पसरलेली, आणि ती काठावरून बोट फिरवत होती, अगदी लहानपणी फिरवायची तसं.

"सापडली!" ती म्हणाली. "आई, तुझी बाजू सापडली. काय सरळ आहेत गं! पण हे काय?" तिने गोधडी कॅमेऱ्याजवळ आणली. "इथे काठाकडे तुझ्या बाजूत कोणी लुडबूड केली? सगळे वेडेवाकडे. आत्या, तू का गं?"

नणंदेने माझ्याकडे बघितलं नाही. लगेच तिचा तो मऊ आवाज लागला. "हो बाळा, जरा घाईघाईत..."

"गप्प बस," मी म्हणाले.

ती खुर्चीत मागे सरकली.

"सरळ आहेत ते आत्याचे," मी लेकीला सांगितलं. "वाकडे आहेत ते माझे."

तिचं बोट कापडावर थांबलं. मग तिचाही आवाज मऊ व्हायला लागला, आणि माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली.

"असू दे गं आई, छान आहेत. मला तर..."

"छान नाहीत. खोटं बोलू नकोस. इथे तिघींचं बोलून झालंय. तू विचार."

"काय विचारू?"

"हात कसा आहे, ते विचार."

तिने गोधडी फिरवली. काठाची वाकडी बाजू छातीशी ओढून घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

"आई, हात कसा आहे?"

"वाईट आहे," मी म्हणाले.